अप्पांचे गुडघे

ब्युमॉन्ट, डब्लिन
१४ जुलै २०२४

ती. अप्पा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि. येथील सर्व क्षेम.

तुम्ही सांगलीला सुखरूप पोचलात हे आईने फोनवर सांगितलं. अप्पा, फोन धरला की तुमच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून तुमच्या वाट्याला पत्र. तुम्ही गेल्यापासून घर खायला उठतंय. किचनच्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आईला सांगून सांगून थकले) तिने भरून ठेवलेली मेतकुटाची बरणी आहे. उघडली की संपेल, म्हणून उघडत नाही.

पण अप्पा, तुमच्यावर एक तक्रार आहेच. डन लीरीचा तो समुद्रात गेलेला धक्का दोनशे वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून माणसं रविवारी त्याच्या टोकाच्या दीपगृहाच्या दिव्यापर्यंत चालत जातात. ऐंशीच्या आज्या कुत्री घेऊन तरातरा जातात. आणि आमचे अप्पा निम्म्यावर, बँडस्टँडपाशी, गुडघे धरून खाली बसले. तीन रविवार गेलो, तिन्ही वेळा तेच. बिचारी आई तुमच्यापायी बाकावर अडकली. शेवटच्या रविवारी मी जरा जास्तच बोलले, पण चूक तुमचीच होती.

आमच्या हॉस्पिटलातले शैलेंद्र पुण्याला येतायत. त्यांच्याबरोबर गुडघ्याची पट्टी आणि मलम पाठवतेय, रोज लावा. पुढच्या उन्हाळ्यात दिव्याला हात लावल्याशिवाय परतायचं नाही. पुढे ढकललेली माझी परीक्षा आता नोव्हेंबरात आहे. अभ्यास चालू आहे, काळजी नसावी.

रागावला असाल तरी लोभात कपात करू नये.
तुमची लाडावलेली,
शर्वाणी


सांगली
३ ऑगस्ट २०२४

चि. शर्वाणीस,
अ. उ. आ.

पत्र पोचले, पट्टीही पोचली. तुझी आई मला ती बांधून घरभर चालायला लावते आणि स्वतः पलंगावर बसून हसते. बापाला इतके बोलतात काय गं? सत्तरी ओलांडलेला माणूस आहे मी. निम्म्यापर्यंत आलो हेच पुष्कळ समज.

शेजारच्या अलकनंदाबाई रोज दुपारी आयर्लंड ऐकायला येतात. तुझ्या आईने त्यांना सांगितले आहे की आमच्या लेकीच्या गावीही भाऊचा धक्का आहे, फक्त मासळीचा वास नाही. तिथे आइस्क्रीममध्ये चॉकलेटची कांडी खोचून देतात हे तर आता अख्ख्या गल्लीला पाठ झाले आहे. माझे गुडघे ठीक आहेत. त्यांची चिंता करू नये.

इकडे आम्ही दोघे मजेत. खालच्या जागेत तुझ्या आईला लिहायचे आहे म्हणते.
तुझे शुभ चिंतणारे,
अप्पा

शर्वू, यांना गुडघ्यांवरून बोलत जाऊ नकोस गं. परीक्षेकडे लक्ष दे, बाकी कशात मन घालू नकोस. ती झाली की तुला एक गंमत सांगायची आहे. जेवत जा नीट. – आई


ब्युमॉन्ट, डब्लिन
२४ नोव्हेंबर २०२४

ती. अप्पांस,
सा. न.

आईचं तेरावं करून इथे आले त्याला तीन आठवडे झाले. निघताना दाखल्यांची म्हणून जी फाइल तुम्ही माझ्या बॅगेत ठेवलीत, ती काल उघडली. तिच्यात आईच्या इकोचा रिपोर्ट आहे. हृदयाची झडप अगदी अरुंद झालेली, ताबडतोब ऑपरेशन करावं असं लिहिलंय. तारीख २८ मे. तुम्ही इकडे आलात ६ जूनला.

अप्पा, तुम्हाला हे माहीत होतं का? मला एवढंच कळवा.

दिवसाला तीस माणसांच्या छातीला मी स्टेथोस्कोप लावते. आई तीन आठवडे माझ्या घरात होती, माझ्या शेजारी झोपत होती, आणि तिच्या छातीला मी कान लावला नाही. बँडस्टँडपाशी तिचे ओठ फिके पडले होते. मला वाटलं वाऱ्याने. मी तिला स्वेटर घातला आणि तुमच्यावर ओरडत बसले. तिचं मन कळलं नाही असं कुणी म्हणालं तर ऐकून घेईन, पण मला तिची धाप कळली नाही. मी डॉक्टर आहे अप्पा.

आणि तुम्हाला माहीत असूनही तुम्ही बोलला नसाल, तर तुम्हाला पुन्हा पत्र लिहिणं मला जमेल की नाही, ठाऊक नाही.

लोभाचं आज लिहवत नाही.
शर्वाणी


सांगली
११ डिसेंबर २०२४

चि. शर्वाणीस,
अनेक आशीर्वाद. घ्यावेसे वाटले तर घे.

माहीत होते.

डॉक्टरांनी प्रवासालाही नको म्हटले होते. तुझी आई म्हणाली, लेकीचे घर बघून येते, मग म्हणाल त्या टेबलावर आडवी होते. परत आल्यावर मी तुला कळवतो म्हणालो, तर माझा हात तिने स्वतःच्या डोक्यावर ठेवला. शर्वूला कळले तर ती परीक्षा टाकून धावत येईल, पेपर होऊ दे, मग आपण होऊन सांगू, असे तिचे म्हणणे. तीच तिची गंमत. ऑपरेशन डिसेंबरवर ढकलले. ऑक्टोबरात ती गेली. मी तिला दिलेला शब्द पाळला आणि तिलाच घालवून बसलो. मी ऐकायला नको होते पोरी. कुठल्याही नवऱ्याने ऐकले नसते.

माझ्या गुडघ्यांना काही झालेले नाही. पहिल्याच रविवारी धक्क्यावर तिला धाप लागली. तू आइस्क्रीम आणायला गेली होतीस. तिने मला सांगितले, तुमचे गुडघे दुखतात म्हणा. मी म्हणालो. तू ओरडत होतीस तेव्हा ती मान खाली घालून स्वेटरची बटणे लावत होती. ती बोलणी मी सुखाने खाल्ली, कारण तेवढ्या वेळात तिचा श्वास खाली बसत होता.

तुझी पट्टी रोज सकाळी बांधतो. दुखत नाही, तरी बांधतो. तिने शिकवले तशी.

नोव्हेंबरात परीक्षा दिलीस ना? दिली असशील तर तिचे तेवढे तरी साधले म्हणायचे. उत्तराची वाट पाहतो. नाही आले तरी पाहीन.
अप्पा


ब्युमॉन्ट, डब्लिन
५ जानेवारी २०२५

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

आज धक्क्यावर गेले होते. बँडस्टँडच्या बाकावर बसून तुमचं पत्र पुन्हा वाचलं. तुमच्यावर रागवायला गेले होते, ते जमलं नाही. का, ते सांगते.

अप्पा, नोव्हेंबरात परीक्षा नव्हतीच. ती मी मार्चमध्ये दिली होती. तुम्ही यायच्या आठवडाभर आधी निकाल लागला, मी नापास झाले. तुम्ही इतक्या हौसेने निघालेले, आईने लाडू बांधलेले, त्यात हे कशाला सांगायचं, म्हणून परीक्षा पुढे ढकलली अशी थाप मारली. पुन्हा फॉर्मसुद्धा भरला नव्हता.

आई ज्या परीक्षेसाठी थांबली, ती नव्हतीच अप्पा. त्याच बाकावर मी नापास झाले म्हणाले असते, तर तिनेही तिचं सांगितलं असतं. मी तिला ओळखते. माझ्या पाठीवरून हात फिरवता फिरवता सांगितलं असतं. जूनमध्येच ऑपरेशन झालं असतं.

एक म्हातारा माणूस कुत्रा घेऊन चालला होता. मला पाहून थांबला, बरी आहेस ना म्हणून विचारलं. सवयीने ग्रँड म्हणाले (इथे ‘छान आहे’ला तेच म्हणतात) आणि मग रडू आवरेना. तो शेजारी बसला, कुत्राही बसला. थोड्या वेळाने दोघं दिव्याकडे गेले. मी गेले नाही.

उन्हाळ्यात तुम्ही या. त्याआधी तुमची पूर्ण तपासणी करा आणि रिपोर्ट मला पाठवा, जसा असेल तसा. पट्टी घरी ठेवून या. दिव्यापर्यंत जाऊ. मध्ये कुणाला धाप लागली, तर ज्याला लागली त्याने सांगायचं.

पत्राच्या वर येथील सर्व क्षेम असं लिहिलं होतं, ते खोडून दुसरा कागद घेतला. इथे क्षेम नाही अप्पा. तिथलंही खरं कळवा.

मला माफ करता आलं, तर लोभ असू द्यावा.
तुमची,
शर्वू