पहिल्या दोऱ्यातली माया

४ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर वाकडं आलंय, म्हणजे बोटं अजून सुजलेली आहेत. ते झाकायला ‘बाकी क्षेम’ तीनदा लिहायची गरज नव्हती.

कुंपणावरचा जो कडू पाला तुम्ही वाटून लावताय, त्याच्याच अर्कावर आमच्या प्रयोगशाळेत काम चाललंय. अर्क दिलेल्या उंदरांची सूज उतरली, दुखरा पंजा टेकवून ते चालायला लागले. पण माणसाला औषध म्हणून द्यावं इतकं अजून कळलेलं नाही. तेव्हा डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नका. आणि ‘बरं वाटतंय’ हा काही पुरावा नव्हे. दर रविवारी सुजलेल्या सांध्याभोवती दोरा गुंडाळा, कापा आणि तारीख घालून पाठवा.

मुलगी शिकवायला लागली म्हणून लोभ कमी करू नका.

तुमची मुंगी

३ जुलै

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

चार रविवारचे चार दोरे कागदावर चिकटवून पाठवतोय. जन्मभर गावाची मापं घेतली, आता स्वतःच्याच बोटाचं घेतोय. शेजारचा न्हावी म्हणाला, शिंप्याला खूळ लागलं.

तुझा कोट बेतलाय. शिवणीत दोन बोटं माया ठेवलीय, अंग भरलं तर उसवून सैल करता येईल. दोन वर्षांत तू केवढी झालीस ते मला कुठे ठाऊक? सुट्टीत येशील तेव्हा अंगावर घालून बघू. रोज दुकान बंद करताना वाटेकडे नजर जातेच.

तुझा बाबा

१२ जुलै

ती. बाबांस सा. न.

दोरे मोजले. पहिल्यापेक्षा दुसरा चांगला अर्धा इंच कमी, पुढचे दोन दुसऱ्याएवढेच. पहिल्याच आठवड्यात एवढा उतार! आनंदाने मी कागद सगळ्यांना दाखवत फिरले.

तुमचा हात सुधारतोय, तर या सुट्टीत थांबून अर्काची नवी खेप तपासते. यायचं पुढे बघू. रागावू नका, मलाही इथे घर आठवतंच.

तुमची मुंगी

२० जुलै

चि. मुंगीस आशीर्वाद.

चार दिवस कागद पुढे ओढतोय आणि बाजूला ठेवतोय. पोरी, पहिला दोरा कापताना हाताच्या सवयीने मी माया सोडली होती. दुसऱ्या रविवारी स्वतःलाच हसलो, बोट काय उसवून वाढवायचंय? मग नेमकं कापलं. तुला सांगायचं राहून गेलं. सूज होती तेवढीच आहे, कात्री धरवत नाही. कोट बेतून तसाच पडलाय.

गप्प बसलो असतो तर तुझा आनंद टिकला असता, पण तुझ्या कामात खोट राहिली असती. खरं सांगावं तर तुला वाटेल, पोरीला बोलवायला म्हाताऱ्याने ढोंग केलं. तुला बघावंसं फार वाटतं, हे मात्र खरंच आहे. पण काम टाकून येऊ नकोस.

दोरा गुंडाळताना तू समोर बसल्यासारखी वाटतेस, म्हणून रविवारचं माप चालूच ठेवतो.

तुझा बाबा

२६ जुलै

ती. बाबांस सा. न.

आमच्याकडे एखादं माप बाद केलं, तर नोंदवहीत कारण लिहावं लागतं. आज मी लिहिलं: ‘पहिला दोरा बाद. कारण, माया.’ सरांनी वाचलं आणि रजेच्या अर्जावर काही न विचारता सही केली.

शनिवारी पोचते. या रविवारचा दोरा कापू नका. माप मी घेईन. कोटही मीच शिवेन, तुम्ही शेजारी बसून चुका काढा.

तुमची मुंगी