गुलाबी पंखांचा नाकतोडा, कळंबा

सोमवार, १५ ऑक्टोबर १९७३, शिवाजी पेठ

आज आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांचा लेख छापून आला. जिल्ह्यातल्या नाकतोड्यांचं एक अख्खं कुळ, कोणती जात कशी ओळखायची, कुठं सापडते, सगळं. पाच वर्षं जाळं घेऊन बांधाबांधानं हिंडलो मी. सर कधी स्कूटरवरून उतरलेसुद्धा नाहीत. माझं नाव? कुठंच नाही.

कॉलेजातली किड्यांची पेटी उघडली. प्रत्येक टाचणीखाली ठिकाण, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव अशी माझ्या हातची चिठ्ठी होती. आता सगळ्या टाइप केलेल्या, आणि पकडणारे सर! विचारलं, तर म्हणाले, "अहो पाटील, तुमचं अक्षर वाचवत नव्हतं."

घरी हिनं लेख चाळला. "पाच वर्षं उन्हात कोण मरत हुतं? तुमचं नाव कुठं हाय की ह्यात?"

पण मघापासून तो गुलाबी पंखांचा नाकतोडा डोक्यातून जात नाही. लेखात सगळा मान त्यालाच. जिल्ह्यात प्रथमच, कळंबा तलावाकाठी! तो मी मुरगूडला मेहुण्याच्या बांधावर धरला होता. परत येताना कळंब्याला उतरलो, तिथलेही किडे त्याच डब्यात टाकले, आणि चिठ्ठ्या लिहिताना त्या गुलाबी पंखवाल्याखाली कळंबा लिहून बसलो. अक्षर वाचवत नव्हतं म्हणे. कळंबा बरं वाचता आलं!

उद्या सांगू सरांना? का सांगू?

पाच वर्षांतलं माझं म्हणून त्या लेखात एवढी चूकच उरली आहे. तिच्यावरही नाव सरांचंच.