माझ्या जागी दहा किलो पीठ

तीर्थस्वरूप ताईंना,

गुडघे परवानगी देतील तितक्या खाली वाकून नमस्कार. (उरलेला मनातल्या मनात पूर्ण केला आहे, तोही जमेस धरावा.) तुमची कंबर कशी आहे? नवा चष्मा नाकावर टिकतो का? इकडे आम्ही दोघं खुशाल. म्हणजे तुमचे बंधुराज पुढे खुशाल आहेत आणि मी मागे. हे पुढे-मागे काय प्रकरण आहे तेच सांगायला बसले आहे. चहा करून घ्या, पत्र लांबणार.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या गाडीच्या कंपनीचं पत्र आलं. कागद इतका गुळगुळीत की मला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाचं बोलावणं. आत मात्र कबुलीजबाब होता. पुढच्या डाव्या सीटसमोरची एअरबॅग (धडक बसली की फुगून माणसाला सावरून धरणारी ती पिशवी) ऐन वेळी उघडेलच असं सांगता येत नाही, तरी गाडी वर्कशॉपमध्ये आणावी, भाग फुकट बदलून देऊ, तसदीबद्दल क्षमा असावी. खरं सांगू? मला कंपनीचं कौतुक वाटलं. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या, काच फुटल्यावर जी मुलगी स्वतःहून हात वर करील तिला अर्धीच शिक्षा. (माझा हात कधी वर गेला नाही. त्यामुळे माझी शिक्षा नेहमी पूर्ण असायची, पण ती बहुतेक वेळा माझ्या बाकावरची मैत्रीण भोगायची.) कंपनीनं हात वर केला होता, म्हणून मी विरघळले. तुमचे बंधुराज मात्र पेटले. चौतीस वर्षं पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस होते ते, तीनदा फिरवून पाहिल्याशिवाय पंख्यावर 'पास'चा शिक्का मारायचा नाही हा त्यांचा धर्म, हे तुम्हाला मी काय सांगणार! "माझ्या हातून गेलेला एक पंखा परत आला नाही," असं ते पत्र फडफडवत घरभर सांगत फिरले. घरात ऐकायला मी एकटीच होते. (एक आला होता. तोच तुम्हाला नव्या घरासाठी भेट दिला. रात्री का कुरकुरतो ते आता कळलं ना?)

बातमी इमारतीत पसरायला एक दुपार पुरली. शेजारच्या बंगल्यातले दंतवैद्य तर भेटायलाच आले. खुर्चीच्या कडेवर बसले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "फार वाईट झालं. किती वर्षं होती?"

"अकरा," हे म्हणाले.

"आणि शेवटपर्यंत चांगली चालत होती ना?"

"अहो, अजून चालतेय!" मी स्वयंपाकघरातून ओरडले. पण त्यांचा सूर असा होता की मलाच क्षणभर डोळ्यांना पदर लावावासा वाटला. मग ते म्हणाले की त्यांची गाडी दुसऱ्या कंपनीची, त्यांना असलं पत्र कधी आलं नाही. मी विचारलं, "दोष नाही म्हणून आलं नाही, की सांगितला नाही म्हणून आलं नाही?" तीस वर्षं लोकांना 'अजिबात दुखणार नाही' असं सांगून दाढा काढणारा हा गृहस्थ, त्याने घाईघाईनं विषय बदलला. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका दर गुरुवारी आमच्या गाडीतून वाचनालयात यायच्या, त्यांना एकाएकी चालण्याचे फायदे आठवले. वास्तविक त्या बसायच्या मागे, आणि दोष पुढे. पण भीतीला कुठं सीट नंबर असतो!

वर्कशॉपमधून कळलं की नवा भाग यायला तीन आठवडे लागतील. तोवर, बंधुराजांनी फर्मान काढलं, मी मागे बसायचं. इथवर मी ऐकून घेतलं. पण त्यांच्यातला तपासनीस जागा झाला होता. कंपनी म्हणते पिशवी उघडणार नाही, पण कंपनीचं खरं कशावरून? त्यांनी दहा किलो गव्हाच्या पिठाची पिशवी माझ्या जागी ठेवली, तिला पट्टा बांधला (मला बांधताना इतक्या प्रेमानं कधी बांधला नव्हता), मला वही-पेन्सिल देऊन मागे बसवलं आणि शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर गाडी पळवून एकदम ब्रेक मारला. एअरबॅग उघडली नाही. पीठ उघडलं. पुढची काच, आरसा, बंधुराजांच्या मिशा, सगळं एका रंगात. मी वहीत लिहिलं, 'पहिली फेरी : पीठ नापास.' दुसरी फेरी त्यांनी त्या दिवशी घेतली नाही. घरी येताना दंतवैद्य फाटकात उभे होते. यांना पाहून ते दोन पावलं मागे सरले आणि बहुधा मनात म्हणाले, गाडीच्या मागोमाग मालकही गेले.

पुढे भाग आला. वर्कशॉपमधल्या मुलीनं तो बसवला, यांना उभं करून दाखवला, सहीशिक्क्याचा कागद दिला. यांनी तिला मैदानावरचा प्रयोग सांगितला तेव्हा ती बिचारी ओठ दाबून म्हणाली, "काका, ती ब्रेकनं नाही उघडत. धडकेनं उघडते." ताई, तेव्हापासून मी धास्तीत आहे, कारण येता-जाता हे दंतवैद्यांच्या कुंपणाकडे फार विचारपूर्वक पाहतात.

आता गाडी दुरुस्त होऊन महिना झाला, तरी मी मागेच! "ज्यांनी पहिल्यांदा पास म्हटलं तेच दुसऱ्यांदा पास म्हणतायत. मी का मानू?" हा यांचा सवाल. आणि माझ्या जागी पीठ. (नवी पिशवी. दुहेरी शिलाईची.)

तुम्ही म्हणाल, मागे बसून काय बिघडलं? सांगते. घरी तुमचा भाऊ वर्तमानपत्राच्या आड असतो. आमचा संसार झाला तो गाडीत. मुलीचं लग्न ठरलं ते गाडीत, निवृत्तीच्या दिवशी ते रडले तेही गाडीत, समोर रस्ता असल्यामुळे मला बघावं लागलं नाही आणि त्यांना लपवावं लागलं नाही. त्यांचा उजवा कान गेल्यापासून त्यांना नीट ऐकू येतं ते डाव्या बाजूनं, म्हणजे माझ्या बाजूनं. मागून काही बोललं की ते आरशात बघून नुसते 'हो हो' म्हणतात, परक्या बाईला म्हणावं तसं. आणि लाल दिवा लागला की ते न बघता डावा हात पसरतात आणि मी त्यावर लिमलेटची गोळी ठेवते, हे किती वर्षं चाललंय ते दोघांनाही सांगता येणार नाही. परवा लाल दिव्याला त्यांनी हात पसरला. पिठाच्या पिशवीपुढे. बराच वेळ तसाच धरला. मी मागून पूर्ण वाकले, पण माझा पट्टा मला सोडीना. दिवा हिरवा झाला आणि हात तसाच परत गेला.

असो. प्रकृतीस जपा. थोरल्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि पंख्याला तेल.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. १ : हे पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की तुमचे बंधुराज कंपनीचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच, पण तुमच्यापुढे अजून ताठ मानेनं उभे राहत नाहीत. त्यांना दोनच ओळी लिहा : 'पीठ डब्यात ठेव. बायकोला पुढे बसव.' मी सुचवलं हे लिहू नका.

ता. क. २ : पाकीट चिकटवायला घेतलं आणि सिस्टर आठवल्या. तेव्हा हात वर करते. तुम्ही येता तेव्हा अकरा वर्षं मी तुम्हाला सांगत आले की पुढची सीट कंबरेला वाईट, तिचा पट्टा काचतो, मागेच आराम आहे. यात काही तथ्य नव्हतं. ती सीट पहिल्यापासून उत्तम होती, दोष माझ्यात होता, आणि मी तो आजवर कळवला नाही. तसदीबद्दल क्षमा असावी. पुढच्या महिन्यात याल तेव्हा खुशाल पुढे बसा.

ता. क. ३ : सकाळी पुढे ऊन फार येतं मात्र. आणि दुपारीही. हे अगदी खरं आहे, कंपनीला विचारा.