सरळ काढलेले झाड

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा जलरंगात फुले आणि निसर्गचित्रे काढणे, अविवाहित, असे लिहून ठेवते की आज माझी बुद्धी शाबूत आहे, नजर चष्म्यासह ठीक आहे आणि हे लिहायला मला कोणी बसवलेले नाही. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी माझा रक्तदाब पाहिला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी न अडखळता दोनापर्यंत आले. तीन वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. ते मी रागात लिहिले होते आणि त्याची दोन पाने नुसती फ्रेमवाल्यावर होती.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, न्हाणीघर आणि उत्तरेकडची गॅलरी, माझ्या मयत बहिणीच्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. खिडकीखालच्या फरशीवरचे रंगाचे डाग निघत नाहीत. तिने जीव काढून घासत बसू नये. अट एकच आहे. भाचीने, भाचजावयाने आणि माझ्या सहा वर्षांच्या नातीने डोंगराखालचे त्यांचे घर कायमचे सोडावे. ते विकू नये, भाड्यानेही देऊ नये. आपला जीव वाचवून दुसऱ्याला तिथे झोपवायचे नाही.

कलम २. ही अट का, ते सांगणे मला भाग आहे. माझ्या बहिणीचे लग्न होऊन ती त्या घरात गेली तेव्हापासून, चौतीस वर्षे, मी दर साली फुलांच्या आठवड्यात तिच्याकडे राहायला जात असे आणि ओढ्याच्या अलीकडे एका सपाट दगडावर बसून समोरचा उतार रंगवत असे. वर एक उंच झाड, मध्ये विजेचे तीन खांब, खाली तिचे घर आणि त्यामागे फुलझाडांची रोपवाटिका. दगड तोच, फळी तीच, वेळ सकाळी नऊची. हा उतार माझ्याइतका कोणीही पाहिलेला नाही, आणि त्याच्याबद्दल माझ्याइतके खोटे कोणी सांगितलेले नाही.

खोटे ते असे. दहाव्या की अकराव्या वर्षी माझी चित्रे विकणारा फ्रेमवाला म्हणाला, "ताई, झाड जरा कललंय. भिंतीवर लावलं की गिऱ्हाईकाला वाटतं फ्रेमच वाकडी आहे. चार वेळा येऊन खिळे हलवायला लावतात हो." मी हसले आणि पुढच्या चित्रात झाड सरळ काढले. ते विकले गेले. मग दर वर्षी सरळ काढत गेले. खांब तर मी पहिल्यापासूनच गाळत होते. डोंगरावर तारा कोणाला हव्या असतात? पेन्सिलीने ओळंब्यासारखी उभी रेघ मारायची, वर हिरव्याचा ओला हात फिरवायचा, की झाले झाड. समोरचे झाड किती कलले आहे हे पुढे मी पाहणेच सोडून दिले. पाहत होते ते कालचे चित्र.

कलम ३. फुलांच्या बाबतीत मात्र मी एका पाकळीचाही घोटाळा केलेला नाही. फूल जिथे उगवले तिथेच जमिनीवर बसून रंगवायचे, शेजारचा दगड, काटकी, वाळके पान, सगळे आहे तसे, मागे तारीख आणि जागा. अशी चारशे बारा लहान चित्रे लाकडी पेटीत आहेत. चार वर्षांपूर्वी बुरशी लागलेली वेगळी काढायला मी ती जमिनीवर ओळीने मांडली. त्यांत त्याच उतारावरचे निळ्या फुलांचे एक झुडूप दर दोन-तीन वर्षांनी येते. पहिल्या चित्रात ते हद्दीच्या पांढऱ्या दगडाला चिकटून आहे. पुढच्यात मध्ये माझी पेन्सिल मावेल एवढी जागा आहे. मग एक पाऊल. शेवटच्या चित्रात दगड कागदावर मावतच नाही. झुडूप चालत नाही. दगड खडकात रोवलेला आहे, आणि त्याच्या खालची जमीन झुडपासकट घराकडे सरकते आहे. मी चित्रांमागच्या तारखा पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहिल्या.

दुसऱ्याच दिवशी मी तिथे गेले. दगडाच्या खालच्या अंगाला गवतात एक भेग होती. माझा लांब ब्रश मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो ओला. उन्हाळा होता.

कलम ४. सरकारी कचेरीतल्या इंजिनियरसाहेबांबद्दल मला तक्रार नाही, म्हणजे आहे, पण त्यांना दोष देता येत नाही. मी पेटी घेऊन गेले. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर माझेच चित्र होते, बारा वर्षांपूर्वीचे, मोठे, सोनेरी चौकटीत. त्यांनी माझी फुले दोन मिनिटे चाळली आणि मागे बोट दाखवले.

"बाई, हे बघा, तुमचंच आहे ना? आणि गेल्या वर्षीचं खाली हॉलमध्ये लावलंय. दोन्हीकडे झाड ताठ उभं आहे. डोंगर सरकला असता तर दिसलं नसतं का?"

"ते मी सरळ केलं होतं," मी म्हणाले.

"म्हणजे तेव्हा खोटं काढलंत आणि आता खरं सांगताय?"

मी निळ्या झुडपाची चित्रे त्यांच्यापुढे पुन्हा मांडली. ते एकदा जागेवर जाऊन आले, "झाडं कलतातच" असा शेरा मारला आणि फाईल मिटली. त्यानंतर मी सात पत्रे पाठवली. पोचपावत्या टेबलाच्या खणात आहेत. पुढे चौकशी झालीच तर त्या भाचीने दाखवाव्यात.

कलम ५. उरलेली सगळी मोठी निसर्गचित्रे, संख्या एकोणीस, फ्रेमवाल्याला द्यावीत. त्याने ती विकू नयेत, आपल्या दुकानात लावावीत आणि रोज पाहावीत. त्याला मी पुष्कळ बोलले, पण रेघ माझ्याच हाताने मारली होती. तो या कागदावर साक्षीदार व्हायला तयार होता. त्याला वाटा जात असल्याने चालत नाही असे समजले, तर "वाटा नको, साक्ष देतो" म्हणाला. मी ऐकले नाही.

कलम ६. ब्रश, चिनी मातीच्या वाट्या आणि कोरा कागद नातीला. ती घर काढते तेव्हा धूर खिडकीतून निघतो, कारण त्यांच्याकडे खरेच तसा निघतो. तिला कोणीही सुधारू नये. बँकेतली शिल्लक तिच्या शिक्षणासाठी.

कलम ७. भाचीला मी चार वर्षे सांगते आहे. ती मायाळू आहे पण हट्टाला पेटली की आईवर जाते. "मावशी, दोन खोल्यांत चार माणसं कशी राहणार? तुझ्यानंतर बघू ना, आत्तापासून काय!" असे ती म्हणते. भाचजावई भला माणूस आहे, हसून म्हणतो, "मावशी, तुम्ही आयुष्यभर डोंगर बघितलात, आता डोंगर तुम्हाला बघतोय असं वाटायला लागलंय. आणि घर टाकून आलो तर रोपांना पाणी कोण घालणार? एक दिवस चुकला तरी माना टाकतात." गेल्या पावसात त्यांचे मागचे दार घट्ट बसू लागले. त्याने रंधा मारून ते बरोबर केले. यंदा पुन्हा बसते आहे.

इथपर्यंत लिहून मी काल थांबले होते. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते. डॉक्टरीणबाई म्हणतात माझे हृदय अजून दहा वर्षे ओढेल. भेग आता माझ्या फळीएवढी रुंद आहे आणि पावसाला पंधरा दिवस उरलेत. मी मरेपर्यंत हे घर त्यांना मिळणार नसेल तर वरच्या कलमांना काही अर्थ नाही.

कलम ८. म्हणून कलम १ मधील घर मी आजपासूनच भाचीच्या ताब्यात देते. उद्या सकाळी ती तिघे इथे राहायला येतील आणि मी तिथे जाईन. मी त्यांना सांगितले आहे की मला एक अखेरचे मोठे काम करायचे आहे, रोपवाटिकेतली फुले, पहिल्या कळीपासून बी धरेपर्यंत. त्यासाठी घर मोकळे हवे, आणि काम चालू असताना आसपास माणूस दिसले तर माझा हात बिघडतो. भाचजावयाने पाणी घालायच्या वेळा लिहून दिल्या. भाची म्हणाली, "हौस आहे तर कर बाई, पण पावसाळा संपला की परत ये." नातीला शहरातल्या शाळेत घातले आहे. एकदा तिथे मैत्रिणी झाल्या की ती परत जायचे नाव काढणार नाही. माझा सगळा भरवसा त्यावर आहे.

मी परत आले की ती परत जातील, म्हणून मी येणार नाही. मला भीती वाटते, हे लिहून ठेवते, कारण शुद्धीतल्या माणसाला वाटणारच. मोठे काम वगैरे काही नाही. रोपांना मात्र पाणी रोज घालीन.

कलम ९. डोंगर आलाच तर पाऊस पूर्ण थांबेपर्यंत मला शोधायला कोणी जाऊ नये. भाचजावयाने तर मुळीच नाही.

ठिकाण : माझ्या घराची उत्तरेकडची गॅलरी.
दिनांक : २४ मे.
सही : (चित्रांवर करते तीच)

साक्षीदार पहिले, समोरचे कागदविक्रेते : बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्यांनी आज कागद घेतला नाही.

साक्षीदार दुसरी, शेजारची डॉक्टरीण : त्या पूर्ण शुद्धीत आहेत याची मी साक्ष देते. जाऊ नका असे मी त्यांना तीन वेळा सांगितले, तेही इथे लिहून ठेवते.