चढतं पाणी

५ सप्टें. २०२५, शुक्र.
पुन्हा पहाटे जाग. घड्याळ बघितलं नाही. त्रयोदशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे पावणेदहा. त्याच्या सहा तास आधी पूर्ण ओहोटी. बोळिंजच्या या चौथ्या मजल्यावरून सासरचा, भुईगावचा समुद्र दिसत नाही की ऐकू येत नाही. तरी पाणी खाली गेलं की माझे डोळे उघडतात. रोज पाऊण तास उशिरा. चंद्राच्या कामावर लागल्यासारखी.
हा हिशोब विजयने शिकवला, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात. बायकोला शिकवायला दुसरं काही नव्हतं त्याच्याकडे!

७ सप्टें., रवि. भुईगाव
गणपती काल गेले, आज ग्रहण. आईंनी दुपारीच पाण्याच्या हंड्यात तुळशीची पानं टाकली.
महेशभावोजी जेवताना बोलले. "वहिनी, या सर्वपित्रीला भावाचं उरकून घेऊ. भटजींना विचारलंय. देह मिळाला नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ. त्याला अग्नी द्यायचा."
उरकून! ताट भिरकावावंसं वाटलं.
तीन वर्षं झाली. चैत्री पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला विजय खडकांवर कालवं काढायला गेला. चपला मिळाल्या. तो नाही.
आई ताडकन म्हणाल्या, "कोनाचा पुतला? माझा पोर काय मेला हाय? दर्या ठेवत न्हाय कोनाला. आनून देतो."
रुचा नववीत आहे, आजीसमोर सहसा तोंड उघडत नाही. आज म्हणाली, "आजी, बाबा गेलाय. कोणीतरी बोला ना एकदा." आणि गच्चीवर निघून गेली.

८ सप्टें., सोम.
ग्रहण ढगांतून मधूनमधून दिसलं. तांबडा, जुन्या तांब्यासारखा चंद्र. रुचा समजावत होती, सूर्य आत्ता आपल्या पायाखाली, पलीकडे. मध्ये आपण. ती आपली सावली पडलीय चंद्रावर. पौर्णिमा-अमावस्येला दोघं एका ओळीत येऊन ओढतात, म्हणून उधाण.
माझ्या तोंडून गेलं, "म्हणजे बाबाला दोघांनी मिळून ओढलं."
रुचा म्हणाली, "आई, त्यांना कोणाचा राग नसतो गं. ते नुसते फिरतात."
त्याचीच तर भीती वाटते. राग असता तर नवस बोलले असते.

१४ सप्टें., रवि.
अष्टमी. ओहोटी भर दुपारी, मेडिकलच्या काउंटरवर गाठलं. हात थांबले, तोंडाला खारट चव. समोरचे आजोबा म्हणाले, "ताई, गोळ्या देताय ना?" दिल्या. दुकानात कोणाला सांगितलेलं नाही. वेडी ठरवतील.

१७ सप्टें., बुध.
रुचाने कपाटातून विजयचा फोटो काढला. "भिंतीवर लावूया? इथे कपड्यांखाली किती दिवस ठेवणार त्याला?" भिंतीवर लावणं म्हणजे काय ते तिला कळतं. मला तिच्या डोळ्यांकडे बघवेना.
भावोजींना फोन केला. हो म्हटलं.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री
भटजींना पुढे दोन ठिकाणी जायचं होतं, म्हणून सगळं सकाळीच. किनाऱ्यावर पुतळा. त्याच्यावर विजयचा निळा शर्ट, मीच दिलेला. भावोजींनी अग्नी दिला. रुचा मोठ्याने रडली. बरं वाटलं ऐकून. मला रडू आलं नाही.
मग राख टोपलीत घेऊन पाण्याकडे. अमावस्या, भरती सव्वाअकराला. दहासुद्धा वाजले नव्हते. पाणी चढत होतं. चढत्या पाण्यात राख सोडत नाहीत, गावात शेंबड्या पोरालाही माहीत. पण भावोजी विरारला राहून तिथी-बिथी विसरले, भटजी घाटावरचे, आणि आई घराबाहेर पडल्याच नव्हत्या. उरले मी. "थांबा, दुपारनंतर सोडू," एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं.
बोलले नाही. का, ते लिहू नये असं वाटतं. लिहिते. परत यावा म्हणून.
आला. अर्धा जळका नारळ लाटेबरोबर गडगडत वर आला, मागोमाग शर्टाची कॉलर. भावोजींनी दोनदा आत टाकला, दोनदा परत. भटजी म्हणाले, "राहू द्या, पोचलं." निघालो. मागे वळून बघायचं नसतं. मी बघितलं.
आज रात्री सूर्यग्रहण आहे, रुचा म्हणते, पण पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला. आपल्याकडे दिसणार नाही, म्हणून पाळायचं नाही. न दिसणाऱ्या माणसाचं काय पाळायचं, ते कोण सांगणार?

२२ सप्टें., सोम.
सकाळी आईंचा फोन. आवाज कधी नव्हे इतका हलका. "काल सांजचे पानी उतरलं तवा गेल्ते गो. आला. तुलशीजवल ठेवलाय." काय ठेवलंय ते मी विचारलं नाही. "बरं," म्हणाले. आणखी वाईट म्हणजे मलाही हलकं वाटलं.
भावोजींना सांगायला हवं. रुचाला तर कळताच कामा नये.

२३ सप्टें., मंगळ.
जाग आलीच.
संध्याकाळी रुचाने स्वतः खिळा ठोकला. फोटो लावला, हार घातला, लांब जाऊन सरळ आहे का बघितलं. "आता बरं वाटतंय," म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झालेला दिसला. जाऊबाईंनी मंगळसूत्र काढायला सांगितलं होतं, मी "घरी गेल्यावर काढते" म्हटलं होतं. ते अजून गळ्यात.
तेवढ्यात बेल. दुसऱ्या मजल्यावर नवीन आलेल्या सावंतवहिनी, हातात कुंकवाचा करंडा. "शुक्रवारी देवीचं हळदीकुंकू आहे, नक्की या हं." दारातून हॉलची ती भिंत दिसत नाही. त्यांचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं, मग बोट करंड्यात.
एक पाऊल मागे झाले असते तरी त्या समजल्या असत्या.
मी कपाळ पुढे केलं. रुचा माझ्या मागेच उभी होती, हातोडी हातात घेऊन.