चौकड्यांच्या शर्टातला शेजारी

अब्बासिया, कुवेत

प्रिय स्वप्ना मॅडम,

गेल्या शुक्रवारी फोनवर तुम्ही विचारलंत, शाळा काय म्हणतेय, आणि मी ‘ठीक’ म्हणून विषय बदलला. ठीक वगैरे काही नाही. वर्गात सध्या नुसती धमाल चाललीय आणि तिचं कारण तुम्ही आहात. फोनवर माझं निम्मं सांगायचं राहूनच जातं, म्हणून आज सरळ कागद घेऊन बसलो. पूर्वी ललिताबरोबर वॉर्डात काम करायच्या त्या कुसुम सिस्टर परवा सुट्टीवर ठाण्याला निघाल्यात. खजुराच्या डब्याबरोबर हे पाकीट त्या तुमच्या हातात देतील.

माझा अकरावीचा इंग्रजीचा वर्ग तुम्हाला ऐकून माहीत आहे. निम्मी मुलं केरळची, उरलेली पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत कुठकुठली, आणि दोन-तीन आपली. हुशार आहेत, पण कथा म्हटलं की चेहरे पडतात. ‘लेखिकेने इथे काय सूचित केले आहे?’ असा प्रश्न दिला की पस्तीस जणांकडून गाइडमधलं एकच उत्तर येतं. पुस्तकातली कथा वाचून संपली तेव्हा अभिनव उभा राहून म्हणाला, ‘सर, या स्टोरीत काही घडतच नाही!’ आणि हाच अभिनव मधल्या सुट्टीत कुठल्याशा मालिकेवरून मित्रांशी असा तावातावाने भांडत होता, की कोण खोटं बोलतंय, कोण काय लपवतंय, याची मुद्देसूद यादीच देत होता. मी चहाचा कप हातात घेऊन दाराशी ऐकत उभा राहिलो. म्हटलं, अरे, हेच तर मला हवंय!

मग आमच्या सुपरवायझर लीना मॅडमना गाठलं. ‘वर्गात सीरियल?’ म्हणून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. शेवटी दोन तासिका मिळाल्या, त्याही त्या स्वतः मागच्या बाकावर बसणार या अटीवर. एपिसोड तुम्ही लिहिता त्या मालिकेचा निवडला. त्याला इंग्रजी सबटायटल्स आहेत हे कारण मी त्यांना सांगितलं. खरं कारण असं, की मला दुसरी कुठली मालिका माहीतच नाही.

निवडला तो मालतीच्या आईच्या तेराव्याचा भाग. घरभर नातेवाईक, घर कुणाच्या नावावर होणार याची कुजबुज, आणि मालती सगळ्यांना वाढत फिरतेय. पहिल्यांदा मी आवाज पूर्ण बंद करून दाखवला. सबटायटल्सही बंद. मुलं आधी हसली, मग हळूहळू पुढे सरकून बसली. कथेत निवेदक असतो तसा इथे कॅमेरा आहे, तो कुणाच्या बाजूने बघतोय ते सांगा, एवढंच मी म्हटलं होतं. संपल्यावर मागून एका मुलीने विचारलं, ‘सर, हू इज द मॅन इन द चेक्स शर्ट?’

मॅडम, तयारी करताना मी तो भाग कितीदा तरी पाहिला होता. चौकड्यांच्या शर्टातला तो शेजारी, दिगंबर, माझ्या टिपणात कुठेही नव्हता. पण मुलांनी त्याला पकडलं. तो खुर्च्या आणतो, सिलिंडर बदलतो, पंगतीत बसत नाही, आणि मालती ज्या खोलीत जाते तिथल्या दाराशी काही ना काही निमित्ताने दिसतो. ‘ही लव्हज हर!’ असा गिल्ला झाला. ‘पुरावा दाखवा,’ मी फळ्यावर खडू आपटत म्हणालो. ‘मला वाटतं’ चालणार नाही, पडद्यावर दाखवा. मग काय, थांबवा सर, मागे घ्या सर, पुन्हा दाखवा सर! अर्धा वर्ग म्हणे प्रेम, अर्धा म्हणे नुसती माणुसकी. लीना मॅडमही मागून ‘माणुसकी, माणुसकी!’ म्हणून ओरडल्या आणि मग स्वतःच लाजल्या.

दुसऱ्या तासाला आवाज चालू केला. शेवटी सगळे निघून जातात, मालती भांड्यांच्या ढिगाऱ्यापाशी उभी असते आणि दिगंबर चप्पल घालता घालता तिला जेवणाचं विचारतो. सबटायटल आलं, ‘हॅव यू ईटन?’ माणुसकीवाले ओरडले, बघा, जेवणाचं तर कुणीही विचारतं! तेव्हा युसराचा हात वर आला. युसरा रत्नागिरीकडची. वडील बदरुद्दीनभाईंचं शुवैखमध्ये गॅरेज आहे. ही मुलगी वर्गात सहसा बोलत नाही, बोललीच तर इंग्रजीत दोन शब्द. उभी राहून म्हणाली, ‘सर, सबटायटलमध्ये ते दिसत नाही. आधी तो सगळीकडे बसा, या, राहू द्या म्हणतो. अहो-जाहो. इथे तो म्हणाला, तू जेवलीस का?’

वर्गाला कळेना. मग तीच फळ्यापाशी आली आणि केरळच्या, पंजाबच्या मुलांना तिने ‘तू’ आणि ‘तुम्ही’ समजावलं. इंग्रजीत दोन्हीला ‘यू’, पण आपल्याकडे एकातून दुसऱ्यात जायला काही माणसांना वर्षं लागतात, असं ती म्हणाली. पंजाबी मुलं म्हणाली, आमच्याकडेही आहे की हे! मी पुन्हा तेवढंच वाक्य लावलं. पस्तीस मुलं श्वास रोखून ‘जेवलीस’ ऐकत होती, आणि ऐकू आल्याबरोबर असा काही जल्लोष झाला, की शेजारच्या वर्गातून गणिताचे सर बघायला आले. लीना मॅडमनी तिथल्या तिथे पक्ष बदलला.

पुढच्या आठवड्यात पुस्तकातली तीच कथा पुन्हा काढली. अभिनव म्हणाला, ‘सर, ती त्याला पाणी द्यायला उठते आणि न देताच बसते. तिथेच सगळं घडलंय.’ मी नुसती त्याची पाठ थोपटली. परवा गाडी दाखवायला शुवैखला गेलो तर बदरुद्दीनभाई हात पुसत बाहेर आले. म्हणाले, ‘सर, घरात इंग्लिशशिवाय बोलायची नाय ही पोरगी. आता आम्हाला सगळ्यांना सीरियल बघायला बसवते नि मधेच थांबवून विचारते, अब्बा, तो असं का बोलला?’ तक्रार करत होते, पण हसू काही त्यांना आवरत नव्हतं.

मुलांनी मला एक प्रश्न विचारलाय, ‘सर, रायटरला असा माणूस खरंच भेटला असेल का?’ मी म्हटलं, लेखिका माझ्या ओळखीच्या आहेत, विचारून सांगतो. घरी येऊन आर्याला हे सगळं सांगितलं आणि तिच्यासाठी तो भाग पुन्हा लावला. निघतो, निघतो म्हणत दिगंबर दारात अर्धा तास उभा राहतो ना, तिथे आमची कन्या सोफ्यावर लोळून हसायला लागली. ‘बाबा, ओ माय गॉड, हा तर तू आहेस!’ मी म्हटलं, काहीतरीच काय. पण ती पुढे म्हणाली, ‘आजी गेल्या तेव्हा तू स्वप्नामावशीला रोज फोन करून असंच जेवणाचं विचारायचास.’

खरं आहे. तुमच्या आई गेल्या तेव्हा मी इथून करण्यासारखं काहीच नव्हतं. खुर्च्या आणायला नाही, भांडी घासायला नाही. शाळा सुटली की फोन लावायचो आणि ‘जेवलात का?’ एवढंच विचारायचो. ललिता गेली तेव्हा तुम्ही आर्याला रोज गोष्ट सांगायला फोन करत होतात, त्याच्यापुढे हे काहीच नव्हतं. आपण दोघं मिरजेला एकाच स्टाफरूममध्ये इतकी वर्षं बसलो, पुढे मी ललिताच्या नोकरीमुळे इकडे आलो, तुम्ही मुंबईला लिहायला गेलात. या सगळ्यात मॅडम आणि सर कधी सुटलं नाही, आणि त्यात काही कमी आहे असंही मला कधी वाटलं नाही. पण माझं वाक्य तुम्ही दिगंबरला देताना त्यात एक बदल केलात. तो बदल सहज झाला असेल, चॅनलने सांगितला असेल, किंवा मुलांना पुरावे शोधायला लावून मीच वेडा झालो असेन. असं असेल तर पुढचं वाचून हसा आणि सोडून द्या.

आता हे मी तुला विचारतोय, स्वप्ना. डिसेंबरच्या सुट्टीत आर्या आणि मी ठाण्याला येतोय. तिकिटं तिनेच काढली, मला न विचारता, आणि वर म्हणाली, ‘जस्ट आस्क हर, बाबा.’ मला तुझ्याबरोबर राहायचंय. इथे, ठाण्यात, मिरजेत, तू म्हणशील तिथे. तुझं लिखाण चालू राहील अशा घरात. माझ्याशी लग्न करशील? विचार करायला हवा तेवढा वेळ घे. कुसुम सिस्टर दारात उभ्या असताना हे वाचू नकोस, त्यांना आधी चहा दे, त्या गेल्या की वाच. आणि हे पत्र इथवर वाचताना तू हसत असशील, तर मला ते लगेच कळवायचं. मी वर्गात असलो तरी फोन घेईन.

तुझाच,
उदय