नको म्हणायची सवय

३ फेब्रुवारी

फ्रीजवर कागद चिकटवलाय — "मी श्रीमंत आहे." आत बघितलं तर अर्धं लिंबू आणि दुधाची पिशवी.

आरशावर दुसरा — "पैसा माझ्याकडे धावत येतो आहे." आमचे चिरंजीव गालाला साबण फासून तो मोठ्यांदा वाचतात. पैसा काही आला नाही. वरच्या मजल्यावरून निरोप आला, जरा हळू वाचा म्हणून.

बाथरूमच्या दारावर काही लावलेलं नाही. घरात तेवढी एकच जागा गरीब राहिली!

आणि आता नवा नियम. घरात "परवडत नाही" म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याने डब्यात नाणं टाकायचं. चिरंजीव श्रीमंत व्हायच्या क्लासला जातात, तिथल्या सरांनी सांगितलंय म्हणे, तोंडातून गरिबी काढली की घरातून जाते. पी हळद आणि हो गोरी. डबा माझ्या एकटीच्या तोंडाने भरत आला. या घरात दुसरी कुठली बचत दिसत नाही, तेव्हा चालू दे.

५ फेब्रुवारी

ही वही नातीची. नोकरीला दुसऱ्या गावी गेली तेव्हा टाकून गेली. गेल्या वर्षीची आहे, वार जुळत नाहीत. चौथी शिकलेल्या बाईला वार जुळून काय करायचंय. ती म्हणाली होती, आजी, बोलायला कोणी नसलं की यात लिही. म्हणजे रोजच आलं. कार्टी हुशार आहे.

सूनबाई नर्स. तिची ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. आम्ही दोघी एका घरात राहतो हे एकमेकींच्या धुतलेल्या कपावरून कळतं. चिरंजीव दुसऱ्याच्या दुकानात टाइल्स विकतात. मी माझ्या गाळ्यात.

गाळा जिन्याखालचा. हे होते तेव्हा घेतलेला, आता माझ्या नावावर. मशीन, इस्त्री, टेबल, गिऱ्हाइकाला स्टूल. नवे कपडे मी शिवत नाही. शिवलेले लहानमोठे करते. पॅन्ट आखूड, कंबर सैल, चेन बदल. माणसं जाड होतात, वाळतात, त्यावर माझं चालतं.

शेजारच्या गाळ्यात चावीवाला होता. दिवसभर भांडायचो आम्ही. पंख्यावरून, दारात पडलेल्या धाग्यांवरून, कशावरूनही. त्याने गाळा फोनच्या दुकानवाल्याला विकला आणि लेकीकडे राहायला गेला. जाताना म्हणाला, आता तुमच्याशी कोण भांडणार? मी म्हटलं, जा बाबा, माझे कान सुटले.

सुटले खरे. आता भिंतीपलीकडून फोनची गाणी वाजतात. एकही पुरतं वाजत नाही.

८ फेब्रुवारी

फोनवाल्याला माझाही गाळा हवाय. मधली भिंत पाडून मोठं दुकान करायचं त्याला. भाव चांगला देतोय, खोटं कशाला बोलू. चिरंजीवांना त्या पैशातून स्वतःचं टाइल्सचं दुकान काढायचंय. माझी एक सही हवी.

म्हणून रोज कामावरून सुटले की इथे येतात. हातात दोन कागदी कप, चहाचे. स्टुलावर बसतात, पाय लांब करतात, आणि सुरू.

"आई, पैसा विचारांच्या मागे येतो."

"मग तू बसून विचार कर. मला हे उसवायचंय."

"तू कायम पडायचाच विचार करतेस."

"पडलेल्यांचेच गुडघे शिवते रे मी. उडणारे माझ्याकडे येत नाहीत."

हसला. हसला की बापासारखा दिसतो, डावीकडून.

मग सांगत बसला — दुकानात उजेड कसा असेल, भिंतीवर कुठल्या टाइल्स लावेल, पाटी कसली. मी ऐकत होते आणि म्हटलं, नको. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नाही. तो म्हणाला बरं, उद्या बोलू. कप उचलून घेऊन गेला.

पूर्वी मी दिवे लागायच्या आत शटर ओढायची. हल्ली थांबते. काम असतं.

११ फेब्रुवारी

एक पोरगा पॅन्ट घेऊन आला होता. अंगाला चिकटेल अशी करून द्या. दिली. आज घालून बघितली आणि तणतणला, आजी, इथे आत काय जाड जाड लागतंय? म्हटलं, माया ठेवलीय. शिवणीच्या आत जादा कापड राखायचं असतं. उद्या पोट सुटलं तर सैल करता येईल.

"माझं पोट सुटणार नाही."

"सगळे हेच म्हणतात. मग माझ्याकडेच येतात."

कापून टाका म्हणाला. मी म्हटलं, मी कापत नाही. माझ्या हाताला ते येतच नाही. मग गेला समोरच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे. त्याने कचाकचा कापून दिली असणार. हिंडेल आता सुरळीसारखा.

हे चिरंजीवांना सांगितलं, हसवायला म्हणून. तो हसला नाही. म्हणाला, आई, तू नेहमी वाईट दिवसाच्या मापाने शिवतेस. चांगला दिवस आला तर त्याच्या अंगाला ते टोचतं.

हे सरांचं नव्हतं. त्याचं स्वतःचं होतं. ओळखू येतं मला.

१३ फेब्रुवारी

काही नाही. दोन चेन, एक कॉलर. तो आला होता.

१६ फेब्रुवारी

मला क्लासला नेलं. एक दिवस ये, म्हणाला, सरांना ऐक, मग काय ते ठरव. कडक इस्त्रीची साडी नेसून गेले.

मोठा हॉल. खुर्च्या मऊ. सर देखणे आहेत, आवाज गोड आहे, आणि सगळंच काही खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, पैशाचे विचार आपले नसतात, लहानपणी ऐकलेले असतात. घरात पैशाबद्दल पहिलं काय ऐकलं ते आठवा. एक जण उठून म्हणाला, "पैसे झाडाला लागतात का?" सगळा हॉल हसला. प्रत्येकाच्या घरात तेच झाड!

मग चिरंजीव उठले.

म्हणाला, आमच्याकडे एकच शब्द होता. नको. आईला काहीही विचारा, ऐकून घ्यायच्या आधी नको. शाळेची सहल? नको. दुसरं मशीन घेऊ? नको. एका शाळेचं गणवेशांचं काम दारात चालून आलं होतं. तेही नको, आपल्याला झेपायचं नाही. आता मला कोणी चांगलं काही देऊ केलं ना सर, तरी माझा हात आधी मागे जातो.

 सरांनी प्रेमाने विचारलं, "त्या आई आज आल्यात का?"

तो म्हणाला, "नाही."

मी शेजारच्या खुर्चीवर होते. पिशवी मांडीवर.

टाळ्या वाजल्या. सगळे वाजवत होते, म्हणून मीही वाजवल्या.

येताना बसमध्ये जागा मिळाली. तो खिडकीकडे, मी इकडे. 

१७ फेब्रुवारी

दामदुप्पटवाला आला होता तेव्हा गल्लीत मी एकटीने नको म्हटलं होतं. गल्ली बुडाली. आम्ही नाही. ते नाही सांगितलं हॉलमध्ये.

हे गेले तेव्हा पोर अजून शाळेत होतं. गणवेशांचं काम घेतलं असतं तर कापड आधी विकत आणायचं होतं, पैसे नंतर मिळणार. नाही मिळाले तर? सरांना मऊ खुर्चीत बसून "तर" दिसत नाही. मला सगळ्यात आधी तोच दिसतो. डोळेच तसे झाले, त्याला मी काय करू.

आज आला नाही.

१८ फेब्रुवारी

आजही नाही. चहा मीच आणला. दोन आणले, मग एक गटारात ओतला.

२० फेब्रुवारी

आला. हॉलचं त्याने काढलं नाही, मी काढलं नाही. कप ठेवले, स्टूल पुढे ओढलं.

"मग? काय ठरवलंस?"

"नको."

"बरं. विचार कर अजून."

एक गोष्ट आज बघितली. माझ्या नकोवर त्याचा चेहरा पडत नाही. उलट सैल होतो. जेवणानंतर कमरेचं बटण काढावं तसा. मग तो निवांत चहा पितो आणि पुन्हा दुकानातल्या उजेडाचं सांगतो.

मला वाटलं, माझेच डोळे तसे.

२४ फेब्रुवारी

सूनबाईला सुट्टी होती. घरात एकाच वेळी दोघी, म्हणजे पाहुणी आल्यासारखं झालं. भाजी निवडताना म्हणाली, आई, हे झोपेत टाइल्सचे भाव सांगतात. मी म्हटलं, गिऱ्हाईक कोण असतं? ती म्हणाली, मीच, दुसरं कोण!

हसलो दोघी. मग ती देठ मोडत म्हणाली, "आई, काय ते एकदाचं होऊ दे. हो तर हो. हा माणूस दोन वर्षं उंबऱ्यावर उभा आहे. आत येत नाही, बाहेर जात नाही. आणि दार उघडं राहून वारा मला लागतो."

मी म्हटलं, अडवलंय का मी त्याला? ती भाजी धुवायला उठली.

२७ फेब्रुवारी

फोनवाला पॅन्ट घेऊन आला, बसताना उसवलेली. मी त्याला झाडलं. म्हटलं, भाव वाढवून वाढवून माझ्या पोराला कशाला उचकवतोस? रोज येऊन माझं डोकं खातो तो.

तो बघतच राहिला. म्हणाला, "आजी, मी कुठे उचकवतोय? तुमचा मुलगा तर मी विचारलं त्याच आठवड्यात येऊन नाही म्हणून गेला."

मी म्हटलं, काय म्हणाला?

"म्हणाला, नको. आहे ते बरं आहे. मी म्हटलं, आईंना एकदा विचारून तर बघा. तर म्हणाला, नको."

म्हटलं, आणि तुला गाळा अजून हवाय?

"तुम्ही हो म्हणा, आज घेतो."

पॅन्ट शिवून दिली. मग दुसरं काही हातात घेतलं ते उलटं शिवलं. सगळं उसवलं.

संध्याकाळी आला. दोन कप. पैसा विचारांच्या मागे येतो वगैरे. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. एवढं सरळ तोंड!  नको म्हणून टाकलं.

१ मार्च

मग रोज कशाला येतो?

एक — घाबरतो. स्वतःचा नको बाहेर दिसायला नको म्हणून माझ्या नकोच्या आडोशाला येऊन बसतो. आईने अडवलं असं म्हटलं की माणूस भित्रा ठरत नाही, सुपुत्र ठरतो. वर क्लास करायला मोकळा.

दोन — आईशी काय बोलायचं ते कळत नाही. काही तरी काढून बोलायला यायचं.

कुठलं खरं ते मला कळत नाही. दोन्ही असेल. विचारायची सोय नाही. विचारलं तर येणं बंद होईल.

आणि मी तरी. पहिल्या आठवड्यात भाव ऐकला तेव्हा, खरं सांगायचं तर, मला तो पटला होता. डोळे दुखतात, सुईत दोरा जात नाही. मग दुसऱ्या दिवशी तो चहा घेऊन आला.

२ मार्च

कागद भिंतीवर लावून माणूस श्रीमंत होत नाही हे मला आधीच ठाऊक होतं. पण राखून राखूनही होत नाही. गाळा राखला, आणि गाळ्यात बसलेला पोरगा पन्नाशीला आला. त्याला दुसऱ्याच्या टाइल्स विकता येतात, म्हणजे स्वतःच्याही येतील. बुडाला तर बुडेल. सूनबाईचा पगार आहे, छप्पर आहे. उंबऱ्यावर उभं राहून मात्र कोणाचंच काही होत नाही. तिचं बरोबर आहे.

मशीन गॅलरीत मावेल. मोजलं.

४ मार्च

सही करून आले. तारीख फोनवाल्याने घातली, नाव मी लिहिलं, पूर्ण. गाळा महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे. फोनवाल्याला म्हटलं, तोवर तोंड बंद ठेव.

संध्याकाळी चिरंजीव आले, दोन कप घेऊन. स्टुलावर बसून दिवे लागेपर्यंत मला समजावत होते. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, उद्या ये, बघू.